अंगाच्या न जाणाऱ्या वासाचे कारण नेमके कसे शोधावे?

पळसवाडी (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. हा विषय गावात कोणाशी मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. घरी कोरडवाहू शेती आहे, कपाशी, तूर आणि सोयाबीन ही पिके आम्ही घेतो, आणि हंगामात मी स्वतः निंदणीला व वेचणीला जाते. वयात आल्यापासून माझ्या अंगाला एक वास येतो. कष्ट करणाऱ्या माणसाला घामाचा वास येणारच, त्याची मला तक्रार नाही. पण हा वास त्यातला नव्हे. माझी मोठी बहीण खोटा धीर देणाऱ्यांपैकी नाही. तिचे म्हणणे असे की, आठवडी बाजारात सुकट-बोंबिलाच्या दुकानापाशी जो वास येतो तसा हा वास असतो, तो केवळ काखेतून येत नाही, सगळ्या अंगातून आणि कधी कधी श्वासातूनही येतो, आणि काही दिवस तो अजिबात नसतो. मला स्वतःला तो बहुधा कळतच नाही.

वेचणीच्या दिवसांत दुपारी शिदोरी सोडायला बाया धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसतात, तेव्हा माझ्या बाजूची जागा मोकळी राहते. बचत गटाच्या बैठकीत मी आपणहून दाराशी बसते. सासूबाई वाईट नाहीत, पण त्यांचे एकच पालुपद असते, "पोरी, आंग चांगलं घासून धूत जाय." दोन वेळा आंघोळ, कडुलिंबाचा पाला, तुरटी, वासाचे महागडे साबण, फवारे हे सगळे करून झाले आहे. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवले, तेथे मान वर न करता "स्वच्छता ठेवा" असे सांगून एक मलम लिहून दिले. दुसऱ्या ठिकाणी जंतांची गोळी मिळाली.

कोणत्या डॉक्टरांकडे जावे, कोणती तपासणी करावी आणि मुळात कारण शोधायला सुरुवात कोठून करावी, हे कोणी सांगू शकेल काय?

खारपाणपट्टा

ताई, आपण कोणते पाणी वापरता ते लिहिलेले नाही, म्हणून विचारतो. आम्ही पूर्णेच्या खोऱ्यात राहतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी इतके खारे असते की साबणाला फेस धरत नाही. अशा पाण्यात कितीही आपटून धुतले तरी अंगाचे तेल आणि न विरघळलेला साबण यांचा थर कापडात राहून जातो. कपडा वाळला की त्याला वास नसतो, पण अंगात घालून घाम आला की थोड्याच वेळात वास उठतो, आणि माणूस समजतो की वास आपल्या अंगाचा आहे. पॉलिस्टर व टेरिकॉट यांत हे फार होते, सुती कपड्यात बरेच कमी. कापूस पिकवणाऱ्या मुलखातली माणसे स्वतः मात्र पॉलिस्टर घालून फिरतात, याला काय म्हणावे?

पडताळा सोपा आहे. धुऊन वाळवलेला, न घातलेला ब्लाऊज काखेच्या भागावर कोमट पाण्याने ओला करून दुसऱ्या कोणाला हुंगायला द्यावा. वास आला तर दोष कापडाचा आहे. शेवटचे खळबळणे गोड्या पाण्यात करावे आणि कपडा उलटा करून उन्हात वाळवावा.

आणखी एक गोष्ट. फवारणीचा सदरा घरच्या धुण्यात कधीही टाकू नये. कीटकनाशकाचा वास कपड्यात टिकतो हे तर आहेच, पण विष कातडीतून अंगात जाते हे २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

पळसवाडी

आमचे पाणी गोडे आहे, दादा. बहिणीच्या म्हणण्यानुसार आंघोळ करून नवी कोरी सुती साडी नेसले तरी त्या दिवसांत वास येतोच. त्यामुळे कपड्याचे कारण मला पटत नाही, पण पडताळा करून पाहते.

जुना दवाखाना

मी प्राथमिक आरोग्य केंद्रांत अनेक वर्षे वैद्यकीय अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरी शोधाची दिशा सांगता येते. वासाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला "स्वच्छता ठेवा" असे सांगणे हे निदान नव्हे, कारण जो माणसांत बसायला कचरतो तो बहुधा इतरांपेक्षा जास्तच वेळा आंघोळ करीत असतो.

पहिली गोष्ट म्हणजे ताज्या घामाला जवळपास वास नसतो. अंगभर ज्या घामग्रंथी असतात त्यांचा घाम म्हणजे मीठ-पाणी. काखेत आणि जांघेत दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर कामाला लागतात, आणि त्यांचा दाटसर स्राव त्वचेवरचे जीवाणू फोडतात तेव्हा वास तयार होतो. हा नेहमीचा प्रकार. यात रात्री झोपताना कोरड्या काखेत अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे औषध लावल्याने किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडच्या द्रवाने काख धुतल्याने चांगला फरक पडतो. मात्र बेंझॉइल पेरॉक्साइडने रंगीत कपड्यांचा रंग उडतो.

जो वास याने जात नाही त्याची जागा शोधावी लागते. काखेतल्या केसांवर पिवळसर कण चिकटलेले असतात काय? तो जीवाणूंचा थर असतो. केस काढून टाकले आणि मलम लावले की प्रश्न मिटतो. काखेत वा जांघेत वारंवार गळवे होऊन पू वाहतो काय? तो वेगळा, चिवट आजार आहे आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञच पाहिजे. श्वासाला वास असेल तर हिरड्या, टॉन्सिलमधले खडे आणि नाक पाहावे. नाकाचा एक आजार असा आहे की आतली त्वचा सुकून खपल्या धरतात, घाण वास खोलीभर पसरतो आणि ज्याचे नाक आहे त्यालाच तो येत नाही. गोडसर, पिकलेल्या फळासारखा श्वास, फार तहान आणि उतरणारे वजन ही एकत्र दिसली तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी, ते टाळणे जिवावर बेतू शकते. श्वासाला लघवीसारखा वास येत असेल तर मूत्रपिंडाची तपासणी करावी.

स्त्रियांच्या बाबतीत एक प्रश्न संकोचाने विचारलाच जात नाही. अंगावरून जाणाऱ्या पाण्याला मासळीसारखा वास असेल, विशेषतः संबंधानंतर वाढत असेल, तर तो बहुधा योनीमार्गातील जीवाणूंचे संतुलन बिघडल्याचा परिणाम असतो आणि साध्या गोळ्यांनी बरा होतो. परंतु पाणी घाण वासाचे असून त्यात रक्त असेल, किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसले, तर गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये. तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ही तपासणी शासकीय कार्यक्रमात आहे, आशाताईंना विचारावे.

ताई, आता आपण पुढील गोष्टी सांगा. अंगावरून जाते काय? वास पाळीच्या आसपास वाढतो काय? आणि कोणते पदार्थ खाल्ल्यानंतर वाढतो याकडे कधी लक्ष दिले आहे काय?

धानाचे बांध

आमच्या भंडारा भागात धानाच्या चिखलणीत आणि रोवणीत पाय दिवसभर पाण्यात असतात. माझ्या तळव्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले होते आणि चप्पल काढली की घरातले लोक ओसरीत निघून जात. मी ते चिखल्या समजून तेल लावीत राहिलो. त्वचेच्या डॉक्टरांनी तळवा पाहताक्षणीच सांगितले की हे जीवाणूंचे काम आहे. लावायचे मलम दिले, पाय कोरडे ठेवायला सांगितले, आणि वास गेला. ताईंचा प्रश्न वेगळा आहे हे कळते, पण कोणी वाचक पायांच्या वासाने बेजार असेल तर त्याने आधी तळवे उजेडात पाहावेत.

शाळा सुटली

मी शिक्षिका आहे. लहान मुलाच्या सगळ्या अंगाला अचानक दुर्गंधी येऊ लागली तर त्याचे नाक पाहावे, हे पालकांना ठाऊक नसते. आमच्या पहिलीतल्या एका मुलीला शेजारी कोणी बसू देत नव्हते. एकाच नाकपुडीतून पिवळा शेंबूड येत होता हे मला दिसले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून फुगून कुजलेला चिंचोका काढला, आणि मुलीच्या अंगाचा वासही त्याबरोबर गेला. घरच्यांनी तोवर तिला अंगारे-धुपारे सगळे करून पाहिले होते.

समुपदेशन, अमरावती

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आणि एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, पण ती या ताईंना लागू आहे असे माझे म्हणणे नाही.

काही माणसांना आपल्या अंगाला वास येतो अशी पक्की खात्री असते, पण जवळच्या कोणालाही तो येत नाही. शेजारच्याने नाक खाजवले, कोणी खिडकी उघडली, एसटीत कोणी उठून दुसऱ्या बाकावर गेले, की त्यांना पुरावा मिळतो. जिनिंगच्या हंगामात कापसाच्या तुसाने अर्धे गाव नाक चोळत असते, हे अशा वेळी लक्षात राहत नाही. हा ओळखला गेलेला मानसिक आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे, आणि औषधे व समुपदेशन यांनी तो आटोक्यात येतो. त्यात नैराश्य आणि जिवाचे बरे-वाईट करण्याचे विचार येणे दुर्मीळ नाही; तसे होत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

फरक कसा करावा? आपले नाक आपल्या वासाला सरावलेले असते, त्यामुळे स्वतःच्या नाकावर विसंबता येत नाही, आणि लोकांच्या हावभावांवर तर त्याहून नाही. विश्वासातल्या दोन माणसांना, वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांशी बोलू न देता विचारावे. ताईंच्या बहिणीने वासाचे वर्णन, जागा आणि तो नसण्याचे दिवस हे सगळे स्वतःहून सांगितले आहे. माझ्या मते येथे वास खरा आहे असे धरूनच पुढे जावे.

वनौषधी

इतक्या तपासण्यांची गरज मला वाटत नाही. वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी आणि चंदन यांचे उटणे रोज लावावे, पोट साफ ठेवावे, आणि अंगाला खाण्याचा सोडा चोळून आंघोळ करावी. आमच्याकडे अनेकांना गुण आला आहे.

जुना दवाखाना

उटण्याला माझी हरकत नाही. वाळ्याच्या वासाने मनाला बरे वाटते, पण आतून येणारा वास त्याने थांबत नाही. सोड्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. सोडा रोज चोळल्याने त्वचा कोरडी पडून चुरचुरते, आणि ताईंचे वर्णन ज्या प्रकाराकडे बोट दाखवते त्यात सोडा नेमका उलटा परिणाम करतो. कारण पुढे सांगतो, आधी त्यांचे उत्तर येऊ द्या.

पळसवाडी

डॉक्टरसाहेब, अंगावरून पांढरे अधूनमधून जाते, पण त्याला वेगळा वास असल्याचे जाणवले नाही. पाळीच्या आधीचे आणि पाळीचे दिवस सर्वांत वाईट असतात, हे बहिणीने आपले वाचून लगेच सांगितले. खाण्याकडे मी कधी पाहिले नव्हते. आम्ही घरच्या सोयाबीनचे दाणे गव्हात मिसळून दळून आणतो, सोयावडीची भाजी आठवड्यातून होतेच, आणि बाजाराच्या दिवशी सुकट आणतो. अंडी मुलांसोबत मीही खाते. दिवाळीनंतर माहेरी गेले की वास कमी असतो असे आई म्हणते. तिच्याकडे सगळे माळकरी आहेत, आणि त्यांच्या पिठात सोयाबीन नसते.

जुना दवाखाना

हे सगळे एकत्र ठेवले तर ट्रायमिथाइलअमिन्युरिया या विकाराची शंका घेणे योग्य ठरते. नाव अवघड आहे, पण त्याचे काम समजायला सोपे आहे.

अंड्याचा बलक, काळीज, सोयाबीन, शेंगदाणे आणि वाटाणे यांत कोलीन नावाचे पोषकद्रव्य असते. आतड्यातले जीवाणू त्यापासून ट्रायमिथाइलअमिन तयार करतात, आणि सडक्या मासळीचा जो वास असतो तो याच द्रव्याचा. निरोगी माणसाचे यकृत एफएमओ३ नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्याला ऑक्सिजन जोडते आणि वास नसलेले रूप करून लघवीवाटे टाकून देते. हा विकर जन्मतःच कमकुवत असेल तर मूळ द्रव्य घाम, श्वास आणि लघवी यांतून बाहेर पडते. वास सगळ्या अंगातून येणे, खाण्याप्रमाणे कमी-जास्त होणे आणि पाळीच्या सुमारास वाढणे ही त्याची ओळख आहे. वैद्यकीय नियतकालिकात त्याचे वर्णन १९७० साली आले आणि जनुकातला दोष १९९७ साली सापडला. यकृताचे वा मूत्रपिंडाचे आजार, किंवा आतड्यात जीवाणूंची अतिवाढ, यांमुळेही अशीच स्थिती येऊ शकते, म्हणून त्या तपासण्याही सोबत करतात.

आता सोड्याचे. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. त्याला आम्ल मिळाले की त्याचा क्षार बनतो, तो उडत नाही आणि पाण्याने धुतला जातो. मासळीवर लिंबू पिळण्याचे कारण हेच. सोडा नेमके हे होऊ देत नाही, उलट वास मोकळा करतो. आपल्या नेहमीच्या वड्यांच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, म्हणजे तोही अल्कधर्मीच. घासून घासून आंघोळ करूनही वास का राहतो याचे उत्तर काही अंशी येथे आहे. औषधाच्या दुकानात ५.५ ते ६.५ पीएचचा साबण किंवा द्रव मागावा. लिंबू मात्र थेट अंगाला चोळून उन्हात जाऊ नये, कातडीवर फोड येतात आणि काळे डाग पडतात.

वैनगंगाकाठ

माझ्या धाकट्या भावाला हाच विकार आहे आणि जनुकीय तपासणीत तो पक्का झाला आहे. त्याने घरात जे बदल केले ते सांगते. अंड्याचा बलक, काळीज-वजडी, सोयावडी आणि शेंगदाण्याची चटणी बंद केली. पत्ताकोबी आणि फुलकोबी फार कमी केली, कारण तो विकर आणखी मंदावतो असे डॉक्टरांनी सांगितले. मासळी सोडायची म्हटल्यावर मात्र घरात सुतक पडल्यासारखे झाले, कारण आम्ही मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांच्या काठचे लोक. डॉक्टरांनी मग उलगडा केला की खरा उपद्रव समुद्राच्या मासळीचा आहे. तिच्या अंगात हे द्रव्य तयार करणारा घटक भरपूर असतो. गोड्या पाण्यातल्या मासळीत तो फारच कमी असतो. सुकट, बोंबील, सुके झिंगे बंद झाले. ताजे रोहू आणि कटला तो आजही खातो.

वास पूर्ण गेला असे म्हणणार नाही. तापात, परीक्षेच्या ताणात आणि उन्हाळ्यात तो पुन्हा डोके वर काढतो. पण तो आता वर्गात मधल्या बाकावर बसतो.

खारपाणपट्टा

मग ताईंनी आजपासूनच हे सगळे बंद करावे काय? आणि मुलांना हा विकार होईल काय?

जुना दवाखाना

आजपासून नव्हे, तपासणीच्या आधी तर नाहीच. लघवीत मूळ द्रव्य किती आणि त्याचे निर्गंध रूप किती, या प्रमाणावर निदान ठरते. खाणे आधीच बदलले तर दोष असूनही आकडे बरे दिसतात. शिवाय कोलीन शरीराला लागतेच. प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ४२५ मिलिग्रॅम पुरेसे मानतात आणि एका मोठ्या अंड्यात १५० च्या जवळपास असते. आपल्या भागात रक्तक्षय असलेल्या स्त्रिया आधीच थोड्या नाहीत, त्यांच्या ताटातून अंडी आणि सोयाबीन ऐकीव माहितीवर काढून घेणे मला मान्य नाही. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नये. रिबोफ्लेव्हिन म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, औषधी कोळसा, क्वचित आतड्यातले जीवाणू कमी करणारी प्रतिजैविके यांचा उपयोग होतो, पण मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. कोळसा तर पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांसह इतर औषधेही शोषून घेतो.

मुलांविषयी सांगायचे तर याचा वारसा सिकलसेलसारखाच चालतो, आणि सिकलसेलमुळे वाहक (स्वतःला विकार नसलेला, पण दोषी जनुक बाळगणारा माणूस) ही कल्पना विदर्भात समजावून सांगावी लागत नाही. दोषी जनुक आई आणि वडील अशा दोघांकडूनही आले तरच विकार होतो. ताईंना विकार असेल तर मुले वाहक असतील, पण त्यांचे पती वाहक नसतील तर मुलांना वास येणार नाही.

पळसवाडी

बहिणीला सोबत घेऊन सेवाग्रामला जायचे ठरवले आहे. यजमानांना हा धागा वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की तपासणीचा निकाल येईपर्यंत पीठ आपण एकत्रच दळू, नंतर तुझे वेगळे दळू. तेथे गेल्यावर डॉक्टरांसमोर मला नीट बोलता येणार नाही अशी भीती वाटते. काय सांगावे?

जुना दवाखाना

बोलू नका, लिहून न्या. कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोग विभागात नाव नोंदवा आणि आत गेल्यावर कागद पुढे ठेवा. त्यावर लिहावे: वास कोणत्या वयापासून आहे, कोणाला येतो आणि ती व्यक्ती सोबत आली आहे, अंगाच्या कोणत्या भागातून येतो, पाळीशी आणि सुकट, सोयाबीन, अंडी यांच्याशी काय संबंध दिसला, आजवर कोणती औषधे झाली. शेवटी स्पष्ट लिहावे की ट्रायमिथाइलअमिन्युरियाची शंका असून लघवीतील ट्रायमिथाइलअमिन व त्याचे ऑक्साइड यांचे प्रमाण किंवा एफएमओ३ जनुकाची तपासणी करता येईल काय. नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागण्याची शक्यता मोठी आहे, त्याचा खर्च आधी विचारून घ्यावा.

पांढरे जाते त्याची तपासणी व उपचार आधी करून घ्यावेत, नाहीतर लघवीच्या नमुन्यात घोळ होतो. नमुना पाळी संपल्यावर द्यावा, आणि आदल्या दिवशी घरात नेहमी होते तेच जेवावे. ब-२ च्या गोळ्या किंवा कोणतेही प्रतिजैविक चालू असेल तर तसे सांगावे. सासूबाईंनाही सोबत नेता आले तर न्यावे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले घरी परतल्यावर कामाला येईल.